मळ काढणाऱ्याचाच डाग

कपड्यावर तेल सांडले, शाई सांडली, आमटीचा ओघळ आला, तर हात आपोआप साबणाकडे जातो. पण सांडला तो साबणच असेल तर? महिन्याचे सामान घरी नेताना लिक्विड डिटर्जंटची बाटली गाडीत आडवी होते, झाकण सैल असते, आणि घर येईपर्यंत निळा चिकट द्रव कार्पेटमध्ये मुरलेला असतो. वरून पाणी टाकले की फेस येतो. फेस पुसला की पुन्हा फेस. शेवटी कंटाळून माणूस ते तसेच वाळू देतो, आणि काही दिवसांनी त्याच जागी काळपट डाग उमटतो. स्वच्छतेसाठी बनवलेल्या द्रव्यानेच मळ गोळा केलेला असतो.

या डागावर वेगळे औषध नाही. त्याला घालवते ते साधे पाणीच. मात्र ते केव्हा द्यायचे, किती द्यायचे आणि दिलेले परत कसे ओढून घ्यायचे, यामागे रसायनशास्त्र आहे, भौतिकशास्त्र आहे आणि थोडे अंकगणितही आहे. ते समजून घेतले की हे किचकट काम विलक्षण वाटू लागते.

आधी एक हिशेब. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पिण्याच्या पाण्यातील फेसकारी द्रव्यांसाठी सुचवलेली मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे पाणी फेसाळ दिसू शकते, चवीला कडवट लागू शकते. आता एका लिटरच्या बाटलीत मळ काढणारी मूळ द्रव्ये १५ टक्के धरा, म्हणजे १५० ग्रॅम. ती लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत पातळ करायला ३ लाख लिटर पाणी लागेल. १० हजार लिटरचे ३० टँकर! बाटलीभर डिटर्जंट सांडलेल्या कार्पेटवर बादलीभर पाणी ओतून फेस का संपत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे.

डिटर्जंटचा मूळ घटक म्हणजे सर्फॅक्टंट, पृष्ठक्रियाशील द्रव्य. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि उरलेली लांब शेपटी पाण्यापासून पळते, तेलाला चिकटते. असे रेणू पाण्यात पडले की आधी पृष्ठभागावर गर्दी करतात आणि पाण्याचा पृष्ठताण उतरवतात. खोलीच्या तापमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तो डिटर्जंटने तिशीच्या घरात येतो. ताण उतरला की पाणी धाग्यांच्या बारीक फटींत शिरते, मळाच्या खाली सरकते. पृष्ठभाग भरून गेल्यावर उरलेले रेणू पाण्यातच गोलाकार पुंजके करतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. या पुंजक्यांना मायसेल म्हणतात. तेलकट मळ त्यांच्या पोटात अडकतो आणि पाण्याबरोबर निघून जातो.

हे शास्त्र उभे राहिले त्यात एका गृहिणीचा वाटा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही असे मला वाटते. आग्नेस पोकेल्स, जन्म १८६२. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये आजारी आईवडिलांची सेवा करत त्या घर सांभाळायच्या. विद्यापीठाचे दार त्या काळी तिथल्या मुलींना बंद होते. भांडी घासताना पाण्याच्या पृष्ठभागावर तेल-साबणाचा जो परिणाम दिसे, त्याचे मोजमाप त्यांनी वयाच्या विशीच्या आतच सुरू केले. पत्र्याचे एक लांबट तसराळे, त्यावर आडवी सरकणारी पत्र्याची पट्टी, आणि तराजूला टांगलेले एक बटण. बटण पाण्यापासून सुटायला किती वजन लागते ते पाहून पृष्ठताण मोजायचा. पट्टी सरकवून पृष्ठभाग आकसला की तेलाच्या अत्यल्प थराचाही परिणाम एका ठरावीक टप्प्यावर एकदम दिसू लागतो, हे त्यांनी दाखवले. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मन भाषेत पत्र लिहून हे कळवले. रॅले यांच्या पत्नीने त्याचे भाषांतर केले, आणि रॅले यांच्या शिफारशीने ते मार्च १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी पोकेल्स यांच्या तसराळ्याचीच सुधारित आवृत्ती वापरून रेणूंच्या एकेरी थरांचा अभ्यास केला आणि पृष्ठरसायनातल्या कामासाठी १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने पोकेल्स यांना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या.

सांडलेल्या डिटर्जंटकडे परत येऊ. त्याची सर्वांत आश्चर्याची खोड ही, की थोडे पाणी मिळाले तर ते पातळ होण्याऐवजी घट्ट होऊ शकते. सोडियम लॉरिल इथर सल्फेट, व्यापारात ज्याला एसएलईएस म्हणतात, ते बाजारात ७० टक्के तीव्रतेच्या पेस्टच्या रूपात मिळते. त्यात पाणी मिसळून तीव्रता ६० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत आणली तर मधल्या पट्ट्यात ते पेस्टपेक्षाही ताठ, खळीसारखे होते. या तीव्रतेला मायसेल लांब नळकांड्यांचे रूप घेतात आणि षटकोनी रचनेत एकमेकांना खेटून उभे राहतात, त्यामुळे द्रवाला वाहायला वावच राहत नाही. पाणी आणखी वाढले की रचना मोडते आणि पुन्हा पाण्यासारखा द्रव मिळतो. घरगुती लिक्विड सोप बनवणाऱ्या बचत गटांतल्या महिलांना हे चांगले ठाऊक असते. पेस्ट एकदम ओतली की गुठळ्या होतात आणि त्या विरघळायला तासन्‌तास ढवळावे लागते.

बाटलीतले तयार डिटर्जंट आधीच बरेच पातळ असते. पण ते कार्पेटवर पडून वाळत गेले की त्यातले पाणी उडते आणि तीव्रता उलट दिशेने चढत जाते. मग वरून ओला फडका फिरवला की ते नेमके त्या ताठ पट्ट्यात येते. फडक्याला काही लागत नाही आणि धाग्यांवर बुळबुळीत थर तसाच बसून राहतो. म्हणून पहिला नियम असा की पाणी लावण्यापूर्वी जेवढे डिटर्जंट कोरडे काढता येईल तेवढे काढावे. चमच्याने किंवा प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने कडेकडून मध्याकडे खरवडत आणावे आणि उचलावे. मग जाड सुती कापड ठेवून वरून दाबावे, टिपून घ्यावे. घासू नये. घासले की हवा मिसळते आणि फेस होतो, शिवाय डिटर्जंट खोल जाते. टिपकागद जसा शाई ओढतो तसे कापडाच्या धाग्यांमधल्या बारीक फटी द्रव स्वतःहून वर ओढतात, त्यांना फक्त वेळ द्यावा लागतो. यानंतर पाणी, तेही कोमट. कोमट पाण्यात हे जेलसारखे थर लवकर मोडतात.

पावडर सांडली असेल तर हा नियम आणखी कडक. पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा आणि सोडियम सल्फेट भरपूर असते. ही दोन्ही द्रव्ये पाणी शोषून स्फटिक बनवतात आणि मग पावडरीचे खडे धाग्यांना धरून बसतात. कोरडी पावडर ब्रशने झाडून व्हॅक्यूमने ओढली की जवळजवळ सगळी निघते. ओली झाली तर काम कितीतरी वाढते.

आता अंकगणित. खळबळून पिळलेल्या कपड्यांत एक लिटर पाणी उरते असे धरू. त्यात नऊ लिटर नवे पाणी घालून खळबळले आणि पुन्हा तेवढेच पिळले, तर डिटर्जंटचा दहावा हिस्सा उरतो. असे तीनदा केले की हजारावा. तिन्ही वेळचे मिळून २७ लिटर पाणी लागले. तेच २७ लिटर एकदम घालून एकदाच पिळले असते तर अठ्ठाविसावा हिस्सा उरला असता. पाणी तेवढेच, आणि फरक ३५ पटींहून जास्त! कार्पेटवर हे गणित आणखी प्रभावी ठरते. कार्पेटच्या तुकड्यात एक लिटर पाणी धरून राहत असेल, आणि दर वेळी एक लिटर ओतून एक लिटर ओढून काढले, तर दर खेपेला निम्मे डिटर्जंट उरते. दहा खेपांनी १०२४ पैकी एक भाग. तेच दहा लिटर एका दमात ओतले तर अकरा भागांतला एक भाग मागे राहतो, आणि गाडीत तळे होते ते वेगळेच. सुरुवातीच्या ३० टँकरच्या आकड्यातून सुटका होते ती या विभागणीमुळे. ओतण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व पिळण्याला आणि ओढून काढण्याला आहे.

खरे धागे मात्र गणिताइतके आज्ञाधारक नसतात. काही सर्फॅक्टंट नायलॉनसारख्या धाग्यांना धरून बसतात आणि हळूहळू सुटतात. म्हणून दर खेपेला पाच-दहा मिनिटे पाणी मुरू द्यावे.

या कामात व्हिनेगरचे नाव नेहमी निघते, आणि त्याबद्दल नीट सांगायला हवे. जुना वडीसाबण हा चरबीच्या आम्लांचा क्षार असतो. त्याला आम्ल लागले की तो फुटतो, फेस बसतो. आजच्या डिटर्जंटमधले सल्फोनेट आणि सल्फेट व्हिनेगरला दाद देत नाहीत. मग व्हिनेगरचा उपयोग काय? दोन आहेत. पावडरीतल्या सोड्याचा अल्कलीपणा ते मारते, त्यामुळे कापडाचा कडकपणा आणि बुळबुळीतपणा कमी होतो. आणि जड पाण्यात सोड्यामुळे तयार होणारा कॅल्शियम कार्बोनेटचा थर ते विरघळवते. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यात धुतलेल्या काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे दिसतात, त्यात या चुन्याचा वाटा मोठा असतो, आणि नुसते पाणी घालून ते जात नाहीत. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग पाणी, प्लास्टिकच्या टबात तासभर भिजवणे, मग साध्या पाण्याने खळबळणे, हा उपाय त्यावर चालतो. कापडावर जमलेल्या डिटर्जंटच्या निळ्या डागांसाठीही हेच मिश्रण सुचवले जाते. व्हिनेगर आणि क्लोरीनचे ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फॅब्रिक कंडिशनरचे काही थेंब टाकले की फेस झटकन बसतो, हेही खरे आहे. कंडिशनरचे रेणू धनभारित, बहुतेक डिटर्जंटचे ऋणभारित. दोघे एकमेकांना धरतात आणि फेस मोडतो. पण त्यांच्या जोडीतून जो पदार्थ तयार होतो तो पाण्यात नीट विरघळत नाही, मेणकट राहतो. बादलीतल्या पाण्याला हे चालेल. कार्पेटमध्ये नको, असे माझे ठाम मत आहे, कारण तिथे तो थर पुन्हा धूळ धरणार.

कापडाप्रमाणे धोका बदलतो. सुती कापड सोसते. रेशीम आणि लोकर ही मुळात प्रथिने आहेत, आणि डिटर्जंटमध्ये प्रथिने तोडणारी प्रोटिएज एन्झाइम घालतात. धुण्याच्या पाण्यात एन्झाइम वापरण्याचे पेटंट जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी १९१३ मध्ये घेतले, तेव्हापासून रक्त, दूध, अंडे यांचे डाग काढायला त्यांचा उपयोग होत आला. पैठणीवर असे डिटर्जंट सांडून ओलेच राहिले तर ते एन्झाइम रेशमाच्या धाग्यावरच काम करू लागते, आणि अल्कली त्यात भर घालते. म्हणून तिथे वेळ दवडू नये. कोरड्या कापडाने टिपावे, जरीची आणि रंगाची खात्री नसेल तर घरी न भिजवता त्याच दिवशी चांगल्या ड्रायक्लीनरकडे न्यावे, आणि काय सांडले ते स्पष्ट सांगावे. ड्रायक्लीनिंगचे द्रावक तेलकट डागांसाठी असते, पाण्यात विरघळणाऱ्या डिटर्जंटसाठी वेगळी प्रक्रिया लागते. अनेक पावडरींत सोडियम परकार्बोनेटही असते. ते ओले झाले की हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते आणि रंगीत कापडावर फिके ठिपके पाडू शकते. ते ठिपके म्हणजे गेलेला रंग, तो धुऊन परत येत नाही. आणि डिटर्जंट पूर्ण निघाल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री लावू नये, उष्णतेने उरलेला थर पिवळा पडतो.

फिकट बदामी किंवा खाकी कापडावर कधी डाग काळा न दिसता उलट जास्त उजळ दिसतो. तो ऑप्टिकल ब्राइटनरचा खेळ. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देत, ती पिवळेपणा निळ्या रंगाने झाकते. ब्राइटनर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांचा निळसर प्रकाश बाहेर टाकतो, म्हणजे कापड खरोखरच जास्त प्रकाश देते. १९२९ मध्ये पॉल क्राइस यांनी हॉर्स चेस्टनटच्या सालीतल्या एस्क्युलिनने लिनन असे उजळवून दाखवले, आणि त्यातून या रसायनांची सुरुवात झाली. हे रेणू सुती धाग्याला रंगाप्रमाणे धरतात. म्हणून सांडल्यावर पहिल्या तासात धुतले तर बरेच निघतात, नंतर कठीण.

गाडीचे कार्पेट ही या सगळ्याची खरी परीक्षा. दिसायला एक पातळ थर, पण खाली बरेच काही असते. वरचे धागे बहुधा पॉलिएस्टर, पॉलिप्रोपिलीन किंवा नायलॉनचे. त्याखाली पाठीचा थर, आणि त्याखाली जाड फेल्ट किंवा फोम. नेहमीच्या दमट हवेत सुती धागा वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा स्वतःत घेतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के, पॉलिप्रोपिलीन जवळजवळ काहीच नाही. म्हणजे सांडलेला द्रव धाग्यात मुरत नाही, धाग्यांमधून खाली घसरतो आणि फेल्टमध्ये साठतो. वरून पुसून जागा कोरडी वाटते. मग गाडी उन्हात उभी राहते, टोकांकडून पाणी उडू लागते, आणि त्याच्या जागी खालचा द्रव धाग्यांमधून वर चढतो. येताना डिटर्जंट घेऊन येतो आणि ते टोकांवर सोडून जातो. कालपर्यंत स्वच्छ दिसणारी जागा दोन दिवसांनी पुन्हा चिकट लागते ती यामुळे. त्या चिकटपणावर बुटांची धूळ बसते, कोकणात लाल, इतरत्र काळी.

सीटच्या कापडावर डाग पुसल्यानंतर गोल कडा उमटते, तिचे कारण याच जातीचे आहे. १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीच्या वाळलेल्या थेंबाला गडद कडा का येते हे उलगडले. थेंबाची कड जागच्या जागी धरलेली असते आणि तिथून बाष्पीभवन वेगाने होते, त्यामुळे आतला द्रव सतत कडेकडे वाहतो आणि बरोबरचे कण तिथे टाकतो. म्हणून सीट धुताना फक्त डागाएवढी जागा ओली करू नये. शिवणीपासून शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग सारखा ओला करावा आणि सारखाच सुकवावा.

कार्पेटचे काम सुरू करण्याआधी गाडी बंद करावी आणि सीटखाली डोकावून पाहावे. तिथे वायरिंग असते, कनेक्टर असतात. पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात, त्यांना हात लावू नये आणि तिथे पाणी जाऊ देऊ नये. द्रव तिथवर पोचला असेल तर गाडी मेकॅनिकला दाखवावी. डिटर्जंटचे पाणी वीज वाहून नेते आणि कनेक्टरच्या पिना गंजवते. तसे नसेल तर कोमट पाणी स्प्रेच्या बाटलीने किंवा स्पंजने द्यावे, थोडे थांबावे, आणि पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने काढावे. साधा घरगुती व्हॅक्यूम पाण्यासाठी नसतो. तसे यंत्र नसेल तर वॉशिंग सेंटरमधून हे करून घ्यावे, मात्र तिथे शाम्पू अजिबात न वापरता नुसत्या पाण्याने उपसा करायला सांगावे. यंत्राच्या टाकीत पडणारे पाणी खेपेगणिक कमी फेसाळ होत जाताना दिसते.

हे उपसलेले पाणी रस्त्याकडेच्या गटारात किंवा ओढ्यात ओतू नये, मोरीत किंवा संडासात टाकावे, म्हणजे निदान सांडपाण्याच्या नळीला लागते. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर साचले, कारण त्या वेळच्या डिटर्जंटच्या रेणूंची शेपटी फांद्याफांद्यांची होती आणि जिवाणूंना ती खाता येत नव्हती. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला. १९६५ पर्यंत अमेरिकी कारखानेही सरळ शेपटीच्या, जिवाणूंना पचणाऱ्या रेणूंकडे वळले. पण पचायलाही प्रक्रिया केंद्र आणि वेळ लागतो. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो तेव्हा प्रक्रिया न झालेले सांडपाणी आणि कारखान्यांतली रसायने यांच्याकडेच बोट दाखवले जाते.

डिटर्जंट खरोखर निघाले का, हे तपासायच्या तीन साध्या कसोट्या आहेत. शेवटच्या खेपेचे पाणी पारदर्शक बाटलीत अर्धे भरून जोरात हलवावे. वर आलेले बुडबुडे लगेच फुटले तर काम होत आले, फेसाचा थर टिकला तर आणखी खेपा हव्यात. फ्रंट-लोड मशीनसाठीच्या लिक्विडमध्ये फेस दाबणारी द्रव्ये असतात, त्यामुळे ही कसोटी तिथे फसते. फेस कमी म्हणजे डिटर्जंट कमी असे नव्हे. तिथे दुसरी कसोटी: जागा पूर्ण वाळल्यावर स्वच्छ तळहात दाबून फिरवावा, चिकट किंवा कडक लागू नये. तिसरी सर्वांत देखणी. दुकानदार नोटा तपासायला जो जांभळा दिवा वापरतात तो अंधारात कार्पेटवर धरावा. डिटर्जंटमध्ये ब्राइटनर असेल तर उरलेली जागा निळी चमकते, आणि द्रव कुठवर पसरला होता त्याचा नकाशाच समोर येतो. शेजारच्या न सांडलेल्या कोपऱ्याशी ताडून पाहावे, कारण काही धागे मुळातच चमकतात.

यानंतर वाळवणे. ओले फेल्ट २४ ते ४८ तासांत वाळले नाही तर बुरशी धरू लागते, आणि पावसाळ्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत नुसत्या उघड्या दारांनी ते वाळत नाही. मोकळ्या जागी गाडी सुरू ठेवून आतली हवा फिरवत एसी लावला तर तो हवेतला ओलावा खेचून बाहेर टाकतो. वर जाड सुती कापड अंथरून वजन ठेवले तर वर चढणारे उरलेसुरले डिटर्जंट कार्पेटच्या टोकांऐवजी त्या कापडात जाते. कापड बदलत राहावे. पूर्ण बाटली सांडली असेल तर मात्र वरून कितीही पाणी दिले तरी फेल्ट स्वच्छ होत नाही. सीट सोडवून कार्पेट बाहेर काढावे लागते, फेल्ट वेगळे धुवावे किंवा बदलावे लागते. हे कार्पेट साच्यात गरम करून गाडीच्या तळाच्या आकाराचे घडवलेले असते, तेव्हा वाळवताना ते कडक उन्हात दोरीवर टांगू नये. सावलीत, वारा लागेल अशा जागी, आहे त्याच आकारात पसरून ठेवावे.